बादलीभर ऊन पाण्याला खर्च किती?

प्रश्न : आमचं घर ओतूरजवळ, वस्तीवर. माणसं पाच. थंडी सुरू झाली की आंघोळीच्या पाण्यावरून रोज वाद होतो. सासूबाई म्हणतात, बंब फुकट पडतो, तोच पेटवा. मुलाने तीन हजार वॉटचा इन्स्टंट गिझर बघून ठेवलाय. यजमान म्हणतात, तीन हजार वॉट म्हणजे बिलही तिप्पट, त्यापेक्षा हजार वॉटचा रॉड बरा. दिरांचं म्हणणं, टाकीवाला गिझर घ्या आणि चोवीस तास चालू ठेवा, कारण गार झालेलं पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज जाते. शेजाऱ्यांकडे गॅस गिझर आहे. खरं स्वस्त काय?

उत्तर : ताई, घरात माणसं पाच आणि मतं चार, म्हणजे तसं एकमत बरंच आहे म्हणायचं! गंमत अशी की सासूबाई बऱ्याच अंशी बरोबर आहेत आणि यजमान जवळजवळ पूर्ण चुकलेत. पण कुणाची बाजू घेण्याआधी एका बादलीला मुळात उष्णता किती लागते ते बघू. साधन कोणतंही असो, पाणी तेवढी उष्णता घेतल्याशिवाय तापत नाही.

बादली 20 लिटरची धरू. तुमच्याकडे जानेवारीत काही पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेवढं गार होत नाही, ते साधारण 18 अंशांवर असतं. अंगावर घ्यायला 43 अंशांचं पाणी चांगलं कढत वाटतं. म्हणजे 25 अंशांनी तापवायचं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजेच एक किलोकॅलरी, तेव्हा गुणाकार सोपा आहे : 20 गुणिले 25, म्हणजे 500 किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात. म्हणून एका बादलीला 0.58 युनिट, आणि थोडी गळती धरली तर 0.6 युनिट.

अर्धं युनिट ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुम्ही शेतकरी आहात म्हणून सांगतो, शंभर फूट खोल विहिरीतलं पाणी साध्या पंपाने वर काढायला हेच 0.6 युनिट खर्च केलं, तर निदान अडीच हजार लिटर पाणी वर येईल. अडीच हजार लिटर उचलायचं की 20 लिटर कोमट करायचं, विजेच्या लेखी दोन्ही सारखंच. घरातला पंखा, दिवा, टीव्ही यांच्या मानाने गिझर बिलात का ठळक दिसतो, त्याचं कारण हे आहे. पाणी उष्णता पिणारा पदार्थ आहे. तेवढ्याच वजनाचं लोखंड तेवढंच तापवायला याच्या नवव्या हिश्श्याने उष्णता पुरते.

आता यजमानांची शंका. वॉट म्हणजे वीज किती वेगाने घेतली जाते याचं माप. बिल येतं ते वेग आणि वेळ यांच्या गुणाकाराचं. हजार वॉटचा रॉड तुमची बादली तापवायला 36 मिनिटं घेईल, तीन हजार वॉटचा गिझर 12 मिनिटं. युनिट दोन्हीकडे 0.6. उलट रॉड लावून माणूस गोठ्यात धार काढायला गेला आणि विसरला, तर तोच महाग पडतो. रॉडचा खरा दोष वेगळा आहे : पाणी तापलं का हे बघायला बोट बुडवायचा मोह. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, आणि अर्थिंग नसलेल्या घरात तर रॉड नकोच.

तीन हजार वॉटचा संबंध बिलाशी नाही, पण वायरशी आहे. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागतो. मोबाइल चार्जरच्या प्लगला तो जोडला तर सॉकेट वितळल्याचा वास आधी येईल आणि ऊन पाणी नंतर. शिवाय 20 लिटरला 12 मिनिटं म्हणजे मिनिटाला पावणेदोन लिटरच पाणी. थंडीत इन्स्टंट गिझरची धार करंगळीएवढीच का येते, असं लोक कारागिराला विचारतात. कारागीर गिझर बदलून देतो आणि धार तेवढीच राहते.

वस्तीवरच्या लोकांचा आणखी एक ठाम समज असतो : व्होल्टेज कमी असलं की गिझर जास्त वीज खातो. तसं नाही. 230 ऐवजी 180 व्होल्ट आले, तर तापणाऱ्या कॉइलची ताकद जवळपास 61 टक्क्यांवर येते. 12 मिनिटांचं काम 20 मिनिटांवर जातं. गिझर जास्त वेळ चालतो म्हणून जास्त खातोय असं वाटतं, पण तो दर मिनिटाला खातोही कमीच. बादलीमागे युनिट जवळपास तेवढंच पडतं. पंपाच्या मोटरची गोष्ट निराळी, ती कमी व्होल्टेजला जादा करंट ओढते आणि जळते. मोटरचा अनुभव आपण गिझरला चिकटवतो.

बोअरच्या पाण्याबद्दलही असंच. कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसला की बिल वाढतं, असं सांगितलं जातं. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? थरामुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, नुकसान होतं ते तिथे. बंबात आणि गॅस गिझरमध्ये मात्र थराने खरंच इंधन वाया जातं, कारण तिथे न घेतलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते.

दिरांचं म्हणणं मोठ्या शहरांतही ऐकू येतं. गिझर सतत चालू ठेवला तर पाणी तापलेलं राहतं हे खरं, पण तापलेलं पाणी टाकीच्या भिंतीतून सतत निवतही राहतं. जेवढं निवतं तेवढं गिझर पुन्हा भरून काढतो. 15 लिटरच्या चांगल्या गिझरमध्ये ही गळती चोवीस तासांत साधारण अर्धं ते पाऊण युनिट असते, म्हणजे रोज एक बादली कुणीही आंघोळ न करता वाहून गेली. गार पाणी पुन्हा तापवायला लागते ती फक्त गमावलेली उष्णता, त्याहून कणभर जास्त नाही. टाकीच्या गिझरवर जे तारे छापलेले असतात ते याच गळतीचे : पाच तारे म्हणजे उष्णता टिकवण्यात चांगला. तापवण्यात सगळे सारखेच. तेव्हा आंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटं चालू करा, पाचही जण एकामागोमाग उरका आणि बंद करा.

आता पैशांकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. पाच माणसं, रोज एकेक बादली, महिन्याला 150 बादल्या, 90 युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली 100 युनिटं एका दराने आणि 101 ते 300 दुसऱ्या दराने, आणि हा दुसरा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट. दर बदलत असतात, म्हणून मी गोल आकडे धरतो : वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क मिळून समजा पहिल्या टप्प्यात युनिटला 7 रुपये, दुसऱ्यात 13. तुमच्या बिलाच्या मागे खरे आकडे छापलेले आहेत, ते घालून बघा.

समजा बाकीच्या घराला महिन्याला 80 युनिटं लागतात. गिझरची पहिली 20 युनिटं स्वस्त दरात बसतील, उरलेली 70 महाग दरात. 140 अधिक 910, म्हणजे 1,050 रुपये. बादली 7 रुपयांना. शेजारी म्हातारा-म्हातारी दोघंच राहत असतील, त्यांचं सगळं मिळून बिल 100 युनिटांच्या आतच असेल, तर त्यांना हीच बादली 4 रुपये 20 पैशांना पडते. आणि ज्याच्या घरी फ्रिज, पिठाची चक्की वगैरे मिळून आधीच 100 च्या वर आकडा गेलाय, त्याला 7 रुपये 80 पैशांना. गिझर तोच, पाणी तेच. म्हणून ‘विजेवर पाणी तापवणं महाग की स्वस्त’ याला एक उत्तर नाही. तुमचा गिझर बिलाच्या कोणत्या टप्प्यात येऊन बसतो, ते बघायचं.

गॅस. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये किलोला साधारण 11,000 किलोकॅलरी धरल्या तर एक लाख 56 हजार होतात. गॅस गिझर त्यातला 80 टक्के भाग पाण्यात उतरवतो. म्हणजे एका सिलिंडरमध्ये 250 बादल्या, तुमच्या घराला 50 दिवस. सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर बादली 3 रुपये 60 पैशांना. तोच गॅस शेगडीवर पातेलं ठेवून जाळला, तर ज्योत पातेल्याच्या कडेने निसटते, 60 टक्क्यांच्या आसपासच उष्णता हाती लागते आणि बादली 4 रुपये 80 पैशांवर जाते. तुमच्या घरापुरतं बोलायचं तर गॅस गिझर विजेच्या निम्म्यात.

पण एक अट आहे, आणि ती मी गंमतीने सांगत नाहीये. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत लावायचा नाही. बंद खोलीत गॅस जळताना हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडर गळल्यावर जो उग्र वास येतो तो गळक्या गॅसचा. ‘वास आला नाही म्हणजे सगळं ठीक’ हा समज इथे जीव घेतो. माणसाला फक्त गुंगी आल्यासारखं होतं आणि तो बसल्या जागी कोसळतो. गिझर बाहेर, पडवीत किंवा उघड्या भिंतीवर लावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्या.

आता सासूबाईंचा बंब. हे यंत्र फार हुशारीने घडवलेलं आहे. मधल्या नळकांड्यात वरून ढलप्या टाकायच्या, खाली जाळी, जाळीखाली राख, आणि जाळाच्या चहूबाजूंनी पाणी. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाला लागतो, बाकीचा वाऱ्यावर जातो. वाळलेल्या लाकडात किलोला साधारण 3,500 किलोकॅलरी असतात. चुलीवर त्यातला 15 टक्के भाग पाण्यात जातो असं धरलं तर एका किलोत एकच बादली तापते. बंबात 30 टक्के धरा, किलोत दोन बादल्या. पाच माणसांना रोज अडीच किलो लाकूड. तांबं उष्णता लवकर वाहून नेतं म्हणून पुण्याच्या तांबट आळीतल्या बंबाची ख्याती होती, पण पाणी तापण्याचा वेग पत्र्यापेक्षा नळकांड्यात साठलेल्या काजळीवर जास्त ठरतो. महिन्यातून एकदा आतून खरवडलं तर साधा पत्र्याचा बंबही चांगला चालतो.

फुकट आहे का? तुमच्या द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या, तुराट्या, मक्याची बुरकुंडं जळत असतील, तर हो, जवळजवळ फुकट. बांधावर पेटवून द्यायच्याच काड्या बंबात गेल्या तर सासूबाईंना शंभरपैकी नव्वद गुण. लाकूड वखारीतून 8 रुपये किलोने आणलं, तर बादली 4 रुपयांना पडते, गॅसपेक्षा महाग. शिवाय पहाटे कुणीतरी उठून, अंधारात सरपण काढून, धूर खात बसायचं. ते काम बहुतेक घरांत कुणाकडे असतं हे तुम्हाला सांगायला नको. आणि हल्ली जुन्नर-आंबेगावात उसाला लागून घर असलं की भल्या पहाटे सरपणाच्या ढिगाशी वाकायचं म्हणजे बिबट्याची धास्तीही हिशेबात धरावी लागते. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र भरलेलं असतं, ते उगाच नाही. बंब उजाडल्यावर पेटवा. शाळेच्या वेळेची घाई असेल त्यांच्यासाठी गॅस.

राहिला सोलर, जो तुमच्या यादीत नाही. गच्चीवर 100 लिटरचा बंदिस्त टाकीवाला सोलर असेल तर चांगल्या उन्हात पाणी 60 अंशांपर्यंत जातं. 60 अंशांच्या 12 लिटरमध्ये विसण घालून एक बादली होते, म्हणजे पाच जणांना 60 लिटर पुरतं. ‘सकाळी धुकं पडलं की सोलर चालत नाही’ असं नारायणगाव-ओतूरकडे बरेच जण म्हणतात. सकाळचं पाणी कालच्या दुपारच्या उन्हाने तापलेलं असतं, आजच्या धुक्याचा फटका बसला तर उद्याच्या पाण्याला. सगळ्यात कढत पाणी मिळतं ते संध्याकाळी. रानातून आल्यावर आंघोळ करणाऱ्यांना ते जास्त मानवतं.

सोलरची खोड आहे ती पाइपमध्ये. गच्चीवरून न्हाणीपर्यंत पाऊण इंची पाइप पन्नास फूट असेल तर त्यात चार-पाच लिटर गार पाणी उभं असतं. लोक ते सोडून देतात आणि सोलर पाणी वाया घालवतो म्हणतात. ते बादलीत धरा, विसणाला तेच लागणार आहे. बसवायचा खर्च समजा 25 हजार आणि उन्हाचे महिने आठ. विजेवर पाणी तापवणाऱ्या तुमच्यासारख्या घराचे पैसे तीन-साडेतीन वर्षांत वसूल होतात, गॅसवाल्या घराचे सहा वर्षांत. गारपिटीत काचेच्या नळ्या फुटतात, हे आपल्या भागात लक्षात ठेवायला हवं.

छतावर विजेचं पॅनल बसवून त्यावर गिझर चालवावा का, हेही आता पुष्कळ जण विचारतात, कारण पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. नुसतं पाणी तापवायला पॅनल म्हणजे लांबचा रस्ता : पॅनल उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलतं, पाण्याचा सोलर साधारण निम्मं ऊन पाण्यात उतरवतो. पण पॅनल आधीच बसलेलं असेल तर गिझर खुशाल लावा.

तुमच्या घरी काय करावं? मी असतो तर शेताच्या काड्या आहेत तोवर बंब ठेवला असता, घाईच्या सकाळी गॅस गिझर, आणि द्राक्षाचे पैसे आल्यावर सोलर. मुलाला सांगा, तीन हजार वॉट वाईट नाहीत, फक्त तुमच्या बिलाच्या टप्प्यात ते महाग आहेत.

प्रश्न : आम्ही डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात राहतो. पावसाळ्यात सोलर कामाचा नाही असं कळलं. चुलीवर हंडा पार उकळू देतो आणि मग विसण घालतो. त्यात नुकसान होतं का? ओल्या लाकडाचं काय करावं?

उत्तर : सोलरबद्दल बरोबर कळलंय. भीमाशंकरच्या कुशीत जून ते सप्टेंबर ऊन दिसलं तर नवल. मंचरच्या पूर्वेला तोच सोलर पावसाळ्यातही बऱ्याच दिवशी निदान कोमट पाणी देतो.

पाणी कडक तापवून त्यात विसण घालणं यात मुळात तोटा नाही. थोडं पाणी जास्त तापवलं काय आणि जास्त पाणी थोडं तापवलं काय, बादलीत उष्णता तेवढीच येते. तोटा सुरू होतो उकळी फुटल्यावर. उकळतं पाणी आणखी तापत नाही, त्याची नुसती वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला 540 किलोकॅलरी जातात. वर आपण बघितलं, एका बादलीला 500 लागतात. म्हणजे हंड्यातलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर एका माणसाची आंघोळ उडाली. हंड्यावर झाकण ठेवा आणि पाण्याला आवाज येऊ लागला की जाळ ओढा.

ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उडवतं, मग तुमचं तापवतं. लाकडातल्या दर किलो पाण्यामागे 600 च्या वर किलोकॅलरी धुरातून जातात. जाळ मंद होतो, काजळी धरते, डोळे चुरचुरतात. मे अखेरीस सरपण फोडून चुलीच्या वरच्या माळ्यावर किंवा पडवीत आडोशाला रचलं तर श्रावणात त्याची किंमत कळते. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झाल्यापासून जंगलातून लाकूड आणण्यावर बंधनं आहेत, तेव्हा बांधावरच्या झाडांच्या फांद्यांवरच भिस्त ठेवावी लागेल आणि हंड्याभोवती मातीचा कठडा घालून जाळ आत कोंडणं फायद्याचं ठरेल. उज्ज्वलाचा सिलिंडर घरात असेल तर धो धो पावसाचे दिवस त्यावर काढावेत. अनुदान धरून बादली विकतच्या लाकडापेक्षा स्वस्त पडते.

गायी असतील तर गोबरगॅसचा विचार करा. चार गायींच्या रोजच्या शेणात सात-आठ बादल्या तापतील एवढा गॅस निघतो. त्याची एकच अडचण : गॅस करणारे जिवाणू थंडीत सुस्तावतात, म्हणजे ऊन पाणी हवं असतं तेव्हाच गॅस कमी.

आणि विसण आधी घालावं की नंतर, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. उष्णतेच्या हिशेबात फरक पडत नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र बादलीत आधी गार पाणी ओता, वरून ऊन पाणी घाला, आणि हाताने ढवळून बघितल्याशिवाय पोराला जवळ येऊ देऊ नका.